नेता मुदतीआधी पायउतार होईल का? अंदाज बांधण्याची रीत

पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मनातून उतरला की 'आता हा किती दिवस काढतो' ही चर्चा सुरू होते. बहुतेकांचा अंदाज जनमत चाचणीच्या आकड्यावरून निघतो आणि तिथेच फसतो. ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांना ऑगस्ट 2016 मध्ये सिनेटने 61 विरुद्ध 20 मतांनी घरी पाठवले. त्यांच्या जागी आलेले मिशेल टेमेर त्यांच्याहूनही नावडते होते, चाचण्यांत एक आकडी टक्क्यांवर. तरी टेमेर मुदत संपेपर्यंत, म्हणजे 1 जानेवारी 2019 पर्यंत, खुर्चीवर होते. त्यांच्यावर खटला चालवायला कनिष्ठ सभागृहाच्या 513 पैकी 342 जणांची संमती लागत होती आणि विरोधकांना 2017 मध्ये एकदा 227, एकदा 233 एवढीच मते मिळाली.

नेत्याला काढू शकणारी माणसे मोजकी असतात. लोकांची नाराजी त्या माणसांपर्यंत पोचून त्यांना स्वतःच्या जागेची धास्ती वाटू लागली, तरच काही हलते. म्हणून अंदाज बांधताना आधी ती माणसे शोधायची, मग त्यांची संख्या मोजायची. चाचणीचा आकडा त्यानंतर.

प्रश्न आधी कागदावर लिहा

'जाईल का' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावरून, आणि 'गेला' असे नेमके कशाला म्हणायचे, हे तिन्ही ठरवून एका वाक्यात लिहा. हे कंटाळवाणे वाटते, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

घोषणा आणि प्रत्यक्ष जाणे यांत अनेकदा महिने जातात. बोरिस जॉन्सन यांनी 7 जुलै 2022 रोजी राजीनामा जाहीर केला, पण पंतप्रधानपद सोडले ते 6 सप्टेंबरला. जस्टिन ट्रुडो यांची घोषणा 6 जानेवारी 2025 ची आणि मार्क कार्नी यांचा शपथविधी 14 मार्चचा. जपानमध्ये शिगेरू इशिबा यांनी 7 सप्टेंबर 2025 रोजी पद सोडणार असल्याचे सांगितले, नव्या पंतप्रधान 21 ऑक्टोबरला निवडल्या गेल्या. तुमची मुदत '31 जुलैपर्यंत' असेल आणि तुम्ही जॉन्सन जातील असे म्हटले असेल, तर राजकारण अचूक ओळखूनही अंदाज चुकला.

दुसरा गोंधळ अधिकार गोठवण्याचा. दक्षिण कोरियात संसदेने महाभियोग मंजूर केला की राष्ट्राध्यक्षाचे अधिकार थांबतात, पण पद जात नाही. ते घटना न्यायालयाच्या निकालाने जाते. यून सुक-योल यांचे अधिकार 14 डिसेंबर 2024 ला गेले आणि पद 4 एप्रिल 2025 ला. तिसरा गोंधळ पक्षाध्यक्षपद आणि सरकारचे पद एकच समजण्याचा. काही ठिकाणी पहिले गेले की दुसरे आठवड्यात जाते, काही ठिकाणी दोन वेगवेगळी माणसे वर्षभर एकमेकांकडे बघत बसतात.

बाहेर काढायचे मार्ग किती?

आता त्या देशाची घटना आणि सत्ताधारी पक्षाचे नियम उघडा. पक्षाचे नियम बहुतेक जण बघतच नाहीत आणि संसदीय देशांत खरी गच्छंती तिथूनच होते. प्रत्येक मार्गापुढे तीन गोष्टी लिहा: सुरुवात कोण करू शकतो, किती मते लागतात, आणि शेवटचा शब्द कोणाचा.

संसदीय पद्धतीत ढोबळमानाने दोन मार्ग असतात. एक, सभागृहातला अविश्वास ठराव. भारतात लोकसभेत तो दाखल करून घ्यायला 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि मंजुरीला साधे बहुमत पुरते. जर्मनीत नुसता अविश्वास चालत नाही. त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरचे (तिथल्या सरकारप्रमुखाचे) नाव बहुमताने निवडावे लागते. 1972 मध्ये विरोधी नेते रायनर बार्झेल यांना 249 मते हवी होती, मिळाली 247. हा मार्ग तिथे यशस्वी झाला तो 1982 मध्ये, हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले तेव्हा. स्पेनचा नियमही तसाच आहे आणि 2018 मध्ये पंतप्रधान मारियानो राहोय 180 विरुद्ध 169 मतांनी याच मार्गाने गेले. नव्या नावावर एकमत लागत असेल तर विरोधक कितीही चिडलेले असोत, आकडा सहज जुळत नाही. अशा देशात या मार्गाची शक्यता सरळ कमी धरा.

दुसरा मार्ग पक्षातला. ब्रिटनच्या हुजूर पक्षात 2018 आणि 2022 मध्ये नियम असा होता की पक्षाच्या 15 टक्के खासदारांनी पत्र दिले की नेत्यावर विश्वासमत घ्यायचे. ऑस्ट्रेलियात खासदारांच्या बैठकीत एका सकाळी पंतप्रधान बदलत असत. 2010 ते 2018 या काळात चार वेळा तसे झाले. पुढे दोन्ही मोठ्या पक्षांनी दार जड केले. मजूर पक्षाने 2013 मध्ये पदावरच्या पंतप्रधानासाठी 75 टक्के खासदारांच्या सह्यांची अट घातली, लिबरल पक्षाने 2018 मध्ये दोन-तृतीयांशाची. त्यामुळे 2015 च्या अनुभवावरून आजचा अंदाज बांधणे चूक ठरेल. नियम कधी बदलला ते तपासा.

अध्यक्षीय पद्धतीत महाभियोग. अमेरिकेत प्रतिनिधीगृहात साधे बहुमत पुरते, पण सिनेटमध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे 100 पैकी 67. आजवर सिनेटने एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. 2021 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध 57 मते पडली, 10 कमी. पेरूत मात्र 'नैतिक अक्षमता' एवढ्या सैल शब्दांवर 130 पैकी 87 मतांनी राष्ट्राध्यक्ष काढता येतो, आणि तिथे तो वारंवार काढला जातो.

फ्रान्ससाठी एक वेगळी सूचना. तिथे संसदेचा राग पंतप्रधानावर निघतो. मिशेल बार्निये डिसेंबर 2024 मध्ये आणि फ्रान्स्वा बायरू सप्टेंबर 2025 मध्ये असेच पडले. राष्ट्राध्यक्ष जागेवरच राहिले. 1958 पासूनच्या या व्यवस्थेत संसदेने एकाही राष्ट्राध्यक्षाला काढलेले नाही. फ्रान्स्वा ओलांद यांची लोकप्रियता 2016 मध्ये एका चाचणीत 4 टक्क्यांवर आली होती. त्यांनी पुन्हा उभे न राहायचे ठरवले, पण मुदत पूर्ण केली.

काही देशांत नेत्याला परत बोलावण्याचा, म्हणजे मुदतीआधी मतदानाने पदावरून काढण्याचा, हक्क मतदारांना असतो. तिथे मतदानाची किमान टक्केवारी किती लागते ते बघा. मेक्सिकोत एप्रिल 2022 मध्ये असे मतदान झाले, पण निकाल बंधनकारक व्हायला 40 टक्के मतदान हवे होते आणि झाले जेमतेम 18 टक्के. हा मार्ग ऐकायला मोठा, प्रत्यक्षात अरुंद.

मतांचे गणित

प्रत्येक मार्गासाठी एकच आकडा काढायचा: सत्ताधारी बाजूची किती माणसे फुटावी लागतील? दक्षिण कोरियाचे उदाहरण पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे.

सभागृह 300 चे. महाभियोगाला दोन-तृतीयांश, म्हणजे 200. विरोधी गट 192 चा. म्हणजे सत्ताधारी पक्षातले 8 जण हवेत. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री यून यांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेने काही तासांत तो मागे घ्यायला लावला. लोक रस्त्यावर होते. 7 डिसेंबरला पहिले मतदान झाले. सत्ताधारी खासदार बहिष्कार टाकून सभागृहाबाहेर गेले आणि फक्त तिघांनी मत दिले. 192 अधिक 3 म्हणजे 195. किमान 200 जणांनी मतदान केल्याशिवाय ठरावच उभा राहत नाही, म्हणून मोजणी न करताच तो बारगळला. आठवडाभराने, 14 डिसेंबरला, सत्ताधारी खासदारही मतदानात उतरले. मतदान गुप्त होते. बाजूने 204, विरोधात 85, उरलेले तटस्थ किंवा अवैध. किमान 12 जण फुटले होते.

या आठवडाभरात यून यांच्याबद्दलचे जनमत उलटेपालटे झाले नव्हते, ते आधीच विरोधात होते. बदलली ती पक्षातली हवा: पक्षाचे प्रमुखच महाभियोगाच्या बाजूने बोलू लागले. 8 या आकड्यावर नजर ठेवणाऱ्याला 7 तारखेचे अपयश शेवट वाटले नसते आणि 14 तारखेचे यश चमत्कार वाटला नसता.

गणित मांडताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली: लागणारे बहुमत एकूण सदस्यांचे की हजर सदस्यांचे? एकूणचे असेल तर गैरहजर राहणे म्हणजे नेत्याला वाचवणेच. दुसरी: मतदान गुप्त की उघड? दक्षिण आफ्रिकेत ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्यावरच्या अविश्वास ठरावावर गुप्त मतदान झाले. 400 च्या सभागृहात 201 हवी होती, ठरावाच्या बाजूने 177 पडली. पक्षाची काही माणसे फुटली, पण पुरेशी नाहीत. तिसरी चूक पक्षादेश विसरण्याची. भारतात पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची सदस्यता जाऊ शकते. त्यामुळे एकेकट्या खासदाराची नाराजी मतदानात दिसत नाही. इथे सरकार पडते ते मित्रपक्षाने पाठिंबा काढल्यावर. 1999 मध्ये अण्णाद्रमुक बाहेर पडला आणि अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने गेले. पाकिस्तानातही एप्रिल 2022 मध्ये इम्रान खान यांचे गणित मित्रपक्ष सोडून गेल्यावर बिघडले. 172 हवी होती, विरोधात 174 पडली. आघाडी सरकार असेल तर खासदार मोजत बसू नका, पक्ष मोजा. कोणत्या एका पक्षाच्या जाण्याने बहुमत संपते, आणि त्या पक्षाला आत्ता निवडणूक परवडते का?

चाचणीचा आकडा कसा वाचायचा

एकूण लोकप्रियतेपेक्षा स्वतःच्या पक्षाच्या मतदारांमधला आकडा जास्त बोलतो. हॅरी ट्रुमन 1952 मध्ये 22 टक्क्यांवर होते, धाकटे बुश 2008 मध्ये 25 वर. दोघांनीही मुदत पूर्ण केली. रिचर्ड निक्सन शेवटी 24 टक्क्यांवर होते, म्हणजे या दोघांच्याच जवळपास. फरक असा की निक्सन यांच्याविरुद्ध महाभियोगाचा मार्ग उघडलेला होता आणि रिपब्लिकन मतदारांतही त्यांचा पाठिंबा निम्म्याच्या आसपास आला होता. 5 ऑगस्ट 1974 ला वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफितीचा मजकूर उघड झाला, 7 तारखेला स्वपक्षाचे तीन ज्येष्ठ नेते भेटून सिनेटमधली मते उरली नसल्याचे सांगून आले, 9 तारखेला राजीनामा. याउलट बिल क्लिंटन यांच्यावर डिसेंबर 1998 मध्ये महाभियोग आला तेव्हा त्यांची लोकप्रियता 73 टक्क्यांवर चढली होती. स्वपक्षाच्या एकाही सिनेटरने त्यांच्याविरुद्ध मत दिले नाही.

जपानमध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध आहे, मिकिओ आओकी या ज्येष्ठ नेत्याच्या नावाने ओळखला जाणारा: मंत्रिमंडळाला पसंती देणाऱ्यांची टक्केवारी आणि सत्ताधारी पक्षाची टक्केवारी यांची बेरीज 50 च्या खाली गेली की सरकार फार काळ टिकत नाही. नियम म्हणून तो कच्चा आहे, पण त्यामागचा विचार पक्का. नेता नावडता आणि पक्ष आवडता असेल तर खासदार नेता बदलून स्वतःची जागा वाचवू शकतात. दोन्ही बुडत असतील तर घाबरण्याचे कारण आणखी मोठे.

म्हणून प्रत्येक चाचणीतून तीन गोष्टी वेगळ्या काढा: नेत्याची पसंती, पक्षाची पसंती, आणि संभाव्य वारसदार असता तर पक्षाला किती मते पडली असती. हा तिसरा प्रश्न विचारलेला असेल तर सोने समजा. एका चाचणीवर काही ठरवू नका. एकाच संस्थेच्या लागोपाठच्या चाचण्या एकमेकींशी ताडा. दोन संस्थांचे प्रश्न वेगळे, म्हणून त्यांच्यातला 5-6 टक्क्यांचा फरक ही घसरण नसते.

पुढे कोण?

नावडते नेते टिकतात त्याचे सर्वांत मोठे कारण हे की त्यांच्या जागी कोण यावर विरोधातल्यांचे एकमत नसते. झुमा ऑगस्ट 2017 मध्ये वाचले आणि सहा महिन्यांत गेले. मधे काय घडले? डिसेंबरमध्ये सिरिल रामफोसा पक्षाचे अध्यक्ष झाले. वारस ठरला, कार्यकारिणीने झुमांना पद सोडायला सांगितले, 14 फेब्रुवारी 2018 ला राजीनामा आला. संसदेतले संख्याबळ होते तेच राहिले.

पेरूच्या दीना बोलुआर्ते यांचे उदाहरण तर शिकवण्यासारखे आहे. चाचण्यांत दोन ते चार टक्के, आणि तरी डिसेंबर 2022 पासून जवळपास तीन वर्षे पदावर. संसद त्यांच्याशी जुळवून घेत होती, कारण त्या गेल्या असत्या तर मुदतपूर्व निवडणुकीची मागणी पुढे आली असती आणि खासदारांच्या स्वतःच्या खुर्च्या धोक्यात आल्या असत्या. एप्रिल 2026 ची निवडणूक आधीच जाहीर झाली, तशी ही भीती संपली. उलट त्यांच्याशी असलेला संबंधच मतदारांपुढे अडचणीचा ठरू लागला. 10 ऑक्टोबर 2025 ला 122 मतांनी त्यांना काढले. ज्या आकड्यावर त्या टिकल्या त्याच आकड्यावर गेल्या.

कोऱ्या कागदावर तीन नावे लिहा: नियमाने आपोआप येणारा, पक्षाला हवा असलेला, आणि काढणाऱ्यांना चालणारा. तिन्ही ठिकाणी एकच नाव आले तर नेत्याचे दिवस भरत आलेत असे समजायला हरकत नाही. आपोआप येणारा माणूस सत्ताधाऱ्यांना नेत्यापेक्षाही नकोसा असेल, तर तोच नेत्याचा विमा.

तारखांची यादी

येत्या वर्षभरातले अर्थसंकल्प, पोटनिवडणुका, प्रांतांच्या निवडणुका, पक्षाची अधिवेशने, न्यायालयाचे अपेक्षित निकाल आणि संसदेच्या सुट्ट्या एका पानावर लिहा. नेते बहुतेक वेळा अशाच तारखांच्या आगेमागे जातात. संसद सुट्टीवर असेल तर सभागृहातला मार्ग त्या काळापुरता बंद. मोठा परदेश दौरा किंवा यजमानपदाची परिषद असेल तर पक्षही सहसा तोवर थांबतो. निवडणूक चार महिन्यांवर आली असेल तर बदलायला वेळच उरत नाही. मग 'निवडणुकीत पडतील' हा वेगळा प्रश्न होतो.

विश्वासमत जिंकल्यावर मिळणाऱ्या अभयावर फार विसंबू नका. हुजूर पक्षाच्या तेव्हाच्या नियमाने जिंकलेल्या नेत्यावर 12 महिने पुन्हा मतदान घेता येत नव्हते. थेरेसा मे डिसेंबर 2018 मध्ये 200 विरुद्ध 117 जिंकल्या आणि मे 2019 मध्ये त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. जॉन्सन 6 जून 2022 ला 211 विरुद्ध 148 जिंकले आणि महिन्याभराने त्यांनी राजीनामा जाहीर केला. मार्गारेट थॅचर 1990 मध्ये पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत 204 विरुद्ध 152 अशा पुढे होत्या, फक्त आवश्यक आघाडीला चार मते कमी पडली. दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली. पक्षातले 35-40 टक्के लोक उघडपणे किंवा गुप्तपणे विरोधात गेले की जिंकलेले मतदानही जखमच असते. 15-20 टक्के विरोध असेल तर नेता सावरतो.

रस्त्यावरची गर्दी

घटनेतले मार्ग बंद असतील तेव्हा हा भाग महत्त्वाचा. गर्दीच्या आकड्यापेक्षा सुरक्षा दले हुकूम पाळतात की नाही, हे बघायचे. श्रीलंकेत 9 जुलै 2022 ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले, गोटाबाया राजपक्षे 13 ला देश सोडून गेले, राजीनामा 14 ला सिंगापूरहून आला. बांगलादेशात 5 ऑगस्ट 2024 ला शेख हसीना गेल्या. नेपाळमध्ये 8 सप्टेंबर 2025 ला निदर्शने भडकली आणि दुसऱ्याच दिवशी के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. बेलारूसमध्ये 2020 मध्ये प्रचंड मोर्चे आठवड्यामागून आठवडे निघाले, पण पोलीस आणि लष्कर फुटले नाहीत. अलेक्सांद्र लुकाशेन्को राहिले.

या प्रकारच्या पतनात आधी इशारा कमी मिळतो आणि शेवट तासांत होतो. त्यामुळे अंदाजात त्याला थोडी पण कायमची जागा द्या, आणि पुढील गोष्टी दिसल्या की ती झपाट्याने वाढवा: लष्करप्रमुखाचे 'दोन्ही बाजूंनी संयम ठेवावा' असे निवेदन, पोलिसांनी राजधानीतला एखादा चौक सोडून देणे, सत्ताधाऱ्यांच्या कुटुंबीयांचे परदेशी जाणे, नेत्याच्या घरातल्या किंवा गोतावळ्यातल्या मंत्र्यांचे राजीनामे. श्रीलंकेत महिंदा राजपक्षे यांनी मे महिन्यातच पंतप्रधानपद सोडले होते.

कोणती बातमी धरायची, कोणती सोडायची

विरोधकांनी राजीनामा मागणे ही बातमीच नाही, ते त्यांचे रोजचे काम आहे. स्वाक्षरी मोहीम, अग्रलेख, समाजमाध्यमांवरची लाट, 'वरिष्ठ सूत्रांनुसार' आलेली कुजबुज: यांनी अंदाज एका टक्क्यानेही हलवू नका. अविश्वास ठराव दाखल झाला एवढ्यानेही नाही. कित्येकदा तो फक्त चर्चा घडवण्यासाठी असतो. लोकसभेत जुलै 2018 चा ठराव 126 विरुद्ध 325 असा पडला, ऑगस्ट 2023 चा आवाजी मतदानाने.

नेत्याचा नकार तर अगदीच निरुपयोगी. लिझ ट्रस 19 ऑक्टोबर 2022 ला संसदेत म्हणाल्या की आपण लढणाऱ्या आहोत, पळणाऱ्या नाही. 20 ऑक्टोबरला राजीनामा जाहीर. जायचे ठरेपर्यंत प्रत्येक नेता हेच म्हणतो, कारण दुसरे काही म्हटले की त्याच क्षणी सत्ता संपते.

धरायच्या बातम्या मोजक्या. सर्वांत वजनदार म्हणजे अर्थमंत्र्यासारख्या पहिल्या फळीतल्या मंत्र्याचा राजीनामा आणि तोही नेत्यावर ठपका ठेवणारा. 5 जुलै 2022 ला ऋषी सुनक आणि साजिद जाविद गेले, दोन दिवसांत जॉन्सन. कॅनडात 16 डिसेंबर 2024 ला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड गेल्या, तीन आठवड्यांत ट्रुडो यांची घोषणा आली, तीही त्यांना काढण्याचा कोणताही औपचारिक नियम पक्षाच्या खासदारांच्या हाती नसताना. त्याखालोखाल: कधीही बंड न केलेल्या खासदाराने नाव देऊन बोलणे, सुरक्षित मतदारसंघातली पोटनिवडणूक गमावणे, वारसदाराने माणसे आणि पैसा जमवायला लागणे, आणि नेत्याच्या बचावासाठी वाहिन्यांवर यायला कोणी मंत्री तयार नसणे. शेवटची खूण साधी आहे, पण तिच्यावर लक्ष ठेवणारे थोडे.

टक्के कसे ठरवायचे

प्रत्येक मार्गाला वेगळे टक्के द्या. समजा पुढच्या 12 महिन्यांसाठी पक्षांतर्गत उठाव 15, संसदेतला ठराव 4, आजारपण किंवा मृत्यू 2. तिन्ही टळण्याची शक्यता 0.85 × 0.96 × 0.98, म्हणजे सुमारे 0.80. जाण्याची शक्यता 20 टक्के. नुसती बेरीज केली तर 21 येते, इथे फरक किरकोळ आहे. आकडे मोठे झाले की बेरीज चुकवते, म्हणून गुणाकाराची सवय ठेवा. वयस्कर नेत्याच्या बाबतीत तिसरा आकडा विसरू नका, लोक तो हमखास विसरतात.

महिन्यागणिक विचार केला तरी चालतो. दर महिन्याला 2 टक्के धोका म्हणजे वर्षाला सुमारे 22 टक्के, 5 टक्के म्हणजे 46. 'या महिन्यात काही होणार नाही' आणि 'वर्षात जाण्याची बरीच शक्यता आहे' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. त्यात विसंगती काही नाही.

वेळ सरते तसे टक्के उतरवा. वर्षाला 20 टक्के धरले होते, सहा महिने शांत गेले आणि परिस्थिती तीच आहे, तर उरलेल्या सहा महिन्यांसाठी 11 च्या आसपास. बहुतेक जण इथे 20 वरच चिकटून बसतात, किंवा 'आता तर फुगा फुटणारच' म्हणून 30 करतात. नुसत्या वाट पाहण्याने शक्यता वाढत नाही.

दुसऱ्या टोकालाही चूक होते. मोठा मंत्री गेला, पक्षातले गट फुटले, वारस ठरला, तरी माणूस 20 वरून 25 करतो आणि थांबतो. अशा वेळी 60-70 वर उडी मारायला कचरू नका. संथ आठवड्यात एखाद-दोन टक्के, आणि गणित बदलणारी घटना घडली की एकदम मोठी उडी. आकडे सहसा असेच हलायला हवेत. रोज पाच टक्के वरखाली होत असतील, तर तुम्ही बातम्यांच्या मागे पळताय.

आपल्याला नेता आवडतो की नाही, याचा परिणाम मोजायची एक युक्ती आहे. त्याच संख्याबळाचा, त्याच नियमांचा, पण आपल्याला जवळच्या पक्षाचा नेता कल्पून टक्के पुन्हा काढा. दोन उत्तरांत 10 टक्क्यांहून जास्त अंतर पडले तर पहिला आकडा खोडा.

नोंद

तारीख, प्रश्न, टक्के आणि दोन ओळींत कारण, एवढे लिहून ठेवा. मुदत संपल्यावर गुण असे काढा: घडले तर 1, नाही तर 0. त्यातून तुमचा आकडा वजा करून वर्ग करा. 0.20 म्हटले आणि नेता टिकला तर 0.04. 0.80 म्हटले आणि टिकला तर 0.64. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. एका नेत्याच्या निकालावरून स्वतःला शहाणे किंवा मूर्ख ठरवता येत नाही, वीस-तीस नोंदी झाल्या की दिसू लागते. 20 टक्के दिलेल्या नेत्यांपैकी साधारण पाचातला एक गेलेला असायला हवा. एकही गेला नसेल तर तुम्ही खळबळीला जास्त भाव देताय. निम्मे गेले असतील तर पक्षाच्या नियमांचे पान पुन्हा उघडा. तिथला एखादा मार्ग तुमच्या यादीत आलेला नाही.